बडोदा, बीएस्सी बायोकेमिस्ट्री : पाठ करून भागत नाहीये

केशरी_वही
१४ ऑगस्ट, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. दीड वर्ष इथे नुसतं वाचत आले, आज पहिल्यांदाच लिहितेय.

मी बडोद्याची, घर दांडिया बाजारात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुख्य विषय बायोकेमिस्ट्री. बारावीला बी ग्रुप होता. नीट दोनदा दिली, दोन्हीदा सीट मिळेल इतके मार्क पडले नाहीत. तेव्हा आठवडाभर घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मग इथला फॉर्म भरला, नाव लागलं आणि मी आले ती 'आता हेच मिळालं' असं धरून. ते आता मनात राहिलेलं नाही. विषय आवडायला लागलाय, आणि म्हणूनच सध्या जे चाललंय त्याचा जास्त त्रास होतोय.

पहिलं वर्ष बरं गेलं. प्रॅक्टिकलला रंग बघायचे होते. साखरेच्या मोलिश चाचणीला जांभळं वलय, बेनेडिक्टला विटकरी साका, अमिनो ॲसिडच्या निनहायड्रिनला जांभळा रंग, पण प्रोलीन असेल तर पिवळा. हे सगळं लक्षात राहिलं, कारण डोळ्यांनी पाहिलं होतं. यंदा मेटाबॉलिझम सुरू झालं. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी ग्लुकोज तोडून ऊर्जा काढते त्या, दहा पायऱ्या मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवल्या आहेत. कपडे काढताना, ठेवताना म्हणते. क्रमाने विचारा, झोपेतही सांगेन.

परवा वर्गात चाचणी झाली. प्रश्न होता : रक्तात फ्लोराइड मिसळलं तर ग्लायकोलिसिस कुठे अडेल, कोणतं संयुग साठत जाईल आणि पेशीच्या हाती एटीपी (ऊर्जा साठवणारे रेणू) किती उरतील? मला दहाच्या दहा पायऱ्या येत होत्या आणि उत्तराची जागा कोरी राहिली. २० पैकी ७.

दुसरं दुखणं गणिताचं. ०.१ मोलरचं १०० मिली द्रावण कर म्हटलं की माझा हात थांबतो. सूत्र आठवतं, पण त्यात काय कुठे घालायचं तेच कळत नाही. शेजारची मुलगी करते, मी तिचं बघून करते. तिला ते खटकत नाही, मला खटकतं.

तुमच्यात कोणी हा विषय शिकलेलं किंवा शिकवलेलं असेल तर सांगा, अभ्यास नक्की करायचा कसा? वेळ मी देतेय. रोज चार तास बसते. बसण्यात काही चुकतंय.

अपडाऊन
१५ ऑगस्ट, सकाळी ८.०५

ताई, मी तीन वर्षं भरूचहून अपडाऊन केलं. बारावीपर्यंत गुजराती मीडियम आणि इथे सगळं इंग्रजीतून. पहिले दोन महिने लेक्चर नुसतं कानावरून जायचं. मला ज्याने वाचवलं ते सांगतो : एन्झाइमचं, म्हणजे पायरी घडवून आणणाऱ्या प्रथिनाचं, नाव वाचायला शिक. ते नाव म्हणजेच वाक्य आहे.

कायनेज दिसलं की समजायचं, एटीपीमधला फॉस्फेट उचलून कुणाला तरी लावणार. डिहायड्रोजिनेज म्हणजे हायड्रोजन काढून घेणार, म्हणजे जवळपास एनएडी (तो हायड्रोजन उचलून नेणारा रेणू) असणारच. आयसोमरेज काही घालत नाही, काढत नाही, आहे तेच अणू वेगळे मांडतं. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज : आधीच एक फॉस्फेट असलेल्या फ्रुक्टोजला आणखी एक लावणारं. असं वाचलं की दहा नावं पाठ करायची गरजच उरत नाही, नावावरून पायरी दिसते.

माझ्या वहीत उजव्या पानावर इंग्रजी असायचं आणि डाव्या पानावर तेच माझ्या भाषेत, वडोदरा स्टेशन येईपर्यंत लिहिलेलं. अक्षर हलायचं. त्या डाव्या पानांवर मी पास झालो.

कर्वेरोड
१५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

पुण्याहून लिहितोय. मुलीचा जीव मोडायचा हेतू नाही, पण काळजीने विचारतो. दुसऱ्याच वर्षाला आहे, अजून वेळ गेलेली नाही. फार्मसीकडे वळता येणार नाही का? नुसत्या बायोकेमिस्ट्रीच्या पदवीला बाहेर कोण विचारतं?

वाडीकर
१५ ऑगस्ट, दुपारी ३.१५

कर्वेरोड, तुमच्या प्रश्नाकडे मागाहून येतो. आधी पोरीच्या चाचणीकडे.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. बेटा, तुझ्या चार तासांत कमी काही नाही. तू पायऱ्या वरून खाली म्हणतेस आणि प्रत्येक पायरीला 'ही इथे का आहे' हे विचारायचं राहून जातंय. कपाटावरचा तक्ता आजच्या दिवस उतरवून ठेव आणि कोरा कागद घेऊन माझ्याबरोबर चल.

ग्लुकोज पेशीत आला. सहा कार्बन. पहिल्याच पायरीला त्याला फॉस्फेट लावतात. का? फॉस्फेटवर ऋण भार असतो आणि भार असलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सहजी बाहेर पडू शकत नाही. आत आलेला पाहुणा उंबऱ्याच्या आत राहिला. त्यासाठी एक एटीपी खर्च झाला.

दुसऱ्या पायरीला ग्लुकोजचा फ्रुक्टोज केला. हा उपद्व्याप कशासाठी? इथेच मुलं गाडी चुकतात. पुढे चौथ्या पायरीला या सहा कार्बनच्या साखळीचे दोन तुकडे करायचे आहेत. ग्लुकोजमध्ये कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, पहिल्या कार्बनवर असतो, आणि काप कुठे पडतो ते त्याच्या जागेवरून ठरतं. तसंच कापलं असतं तर दोनाचा आणि चाराचा असे विजोड तुकडे पडले असते आणि दोघांसाठी दोन वेगळे रस्ते बांधावे लागले असते. कार्बोनिल दुसऱ्या कार्बनवर सरकवला की तीन आणि तीन. तिसऱ्या पायरीला दुसऱ्या टोकालाही फॉस्फेट लावला, म्हणजे कापल्यावर दोन्ही तुकड्यांच्या अंगावर एकेक फॉस्फेट आहे, एकही पेशीबाहेर निसटणार नाही. दुसरा एटीपी गेला. पाचव्या पायरीला एक तुकडा दुसऱ्यासारखा करून घेतला. इथून पुढे सगळं दोनने गुणायचं.

आता हिशोब मांड. खर्च २. सातव्या पायरीला २ परत आले. खर्च भरून निघाला, हातात शिल्लक शून्य. दहाव्या पायरीला आणखी २ येतात, तीच खरी कमाई. फ्लोराइड नवव्या पायरीचं एन्झाइम, इनोलेज, बंद पाडतं. म्हणजे मागे २-फॉस्फोग्लिसरेट आणि त्याच्याही मागे ३-फॉस्फोग्लिसरेट तुंबत जाणार, दहावी पायरी होणारच नाही आणि निव्वळ कमाई शून्य. तुझ्या चाचणीचं सगळं उत्तर या चार ओळींत आलं. तुला पायऱ्या येत होत्या गं, हिशोब मांडायला कुणी बसवलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. सहाव्या पायरीला एनएडी खर्च होऊन एनएडीएच तयार होतो. पेशीत एनएडीचा साठा थोडाच. तो परत मिळाला नाही तर सगळा रस्ता सहाव्या पायरीलाच थांबेल. म्हणून ऑक्सिजन पुरत नाही तेव्हा स्नायू पायरुव्हेटचं, म्हणजे दहाव्या पायरीला उरलेल्या तुकड्याचं, लॅक्टेट करतो आणि यीस्ट त्याचं अल्कोहोल करतं. दोघांनाही हवा असतो एनएडी.

गणिताचं. सूत्र मिटून ठेव आणि बाजारात हिशोब करतेस तसा कर. मीठ घे, सोडियम क्लोराइड, रेणूभार ५८.५. एक मोलरच्या एक लिटरला ५८.५ ग्रॅम लागतात. ०.१ मोलर हवं, म्हणजे दहावा हिस्सा : ५.८५ ग्रॅम. लिटर नको, १०० मिली हवं, पुन्हा दहावा हिस्सा : ०.५८५ ग्रॅम. झालं. आता चूक कुठे होते ते बघ. मीठ वजन करून त्यावर १०० मिली पाणी ओततात. ते नाही करायचं. थोड्या पाण्यात आधी विरघळवायचं, स्टँडर्ड फ्लास्कमध्ये घालायचं, बीकर पाण्याने दोनदा विसळून ते पाणीही त्यातच, आणि मग खुणेपर्यंत भरायचं. खूण डोळ्यांच्या रेषेत आणायला फ्लास्क टेबलावर ठेवून स्वतः वाकायचं, फ्लास्क वर उचलायचा नाही. शेवटचे थेंब ड्रॉपरने.

आणि काहीही मोजण्याआधी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिही, उत्तर अंदाजे किती यायला हवं. मग प्रयोग कर. ही सवय मी सांगत आलो आणि ज्यांनी लावून घेतली त्यांना गणिताची भीती राहिलेली मी पाहिली नाही.

बफरपर्यंत, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर धरणाऱ्या द्रावणापर्यंत, पोचलीस की कळव. त्यातही एक सांगून ठेवतो, ट्रिस बफर ज्या तापमानाला वापरायचा त्याच तापमानाला त्याचा पीएच लावायचा. बडोद्याच्या उन्हाळ्यात आठवण होईल.

राजमहाल_रोड
१६ ऑगस्ट, रात्री ९.५०

केशरी_वही, तुझ्या फ्लोराइडच्या प्रश्नाला मी रोज हात लावते. एका इस्पितळाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये काम करते.

घरातल्या कुणाची शुगर तपासायची असेल तेव्हा रक्त घेणाऱ्याच्या हातातली बाटली बघ. टोपण करडं असतं. त्या बाटलीत आधीपासून सोडियम फ्लोराइड असतं, सोबत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्झलेट. रक्त शरीराबाहेर आलं तरी लाल पेशी जिवंत असतात आणि बाटलीतला ग्लुकोज खात राहतात. साध्या बाटलीत ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सकाळी सावलीहून निघालेला नमुना दुपारी आमच्याकडे पोचला तर डायबेटीस असलेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून इनोलेज बंद करायचं. तुझी नववी पायरी त्या करड्या टोपणाखाली आहे.

अजून एक सांगते, कारण तू डिहायड्रोजिनेजपाशी आलीच आहेस. यकृताची एसजीपीटी तपासतो तेव्हा ते एन्झाइम थेट दिसत नाही. ते ॲलॅनिनपासून पायरुव्हेट बनवतं. आम्ही त्यात लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आणि एनएडीएच घालून ठेवलेलं असतं. जितकं पायरुव्हेट बनेल, तितकं लगेच लॅक्टेट होतं आणि तितका एनएडीएच संपतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, एनएडी शोषत नाही. म्हणजे मशीनवर आकडा जितक्या वेगाने खाली येईल तितकं एसजीपीटी जास्त. त्या एनएडीएचचा मोलर शोषणांक ६२२०. हा आकडा मी वीस वर्षांपूर्वी परीक्षेसाठी पाठ केला होता आणि नोकरीच्या पहिल्या महिन्यात समजला. तुला आत्ताच समजावा म्हणून लिहिलं.

आणि छोटा उदेपूर, नर्मदा भागातून सिकलसेलचे पेशंट येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. ग्लुटामिकवर ऋण भार, व्हॅलिनवर काहीच नाही. म्हणून अल्कलाइन पीएचला इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिनं पळवली, की सिकलचं हिमोग्लोबिन धन टोकाकडे जाताना मागे मागे रेंगाळतं. पट्टी दिसते तेव्हा समोर दहा वर्षांचं मूल बसलेलं असतं. अमिनो ॲसिडचे भार पाठ करताना मला त्या मुलांचे चेहरे आठवायला हवे होते असं आता वाटतं.

केशरी_वही
१७ ऑगस्ट, सकाळी ७.१०

वाडीकरकाका, राजमहाल ताई, काय लिहू कळत नाहीये. काल आजीच्या शुगरसाठी लॅबवाला मुलगा घरी आला होता. मी टोपण बघितलं. करडं! त्याला विचारलं तर म्हणाला, "दीदी, शुगर का इसी में लेते हैं", का ते त्याला माहीत नव्हतं. मी त्याला इनोलेज सांगितलं. आजी हात दाबून धरून ऐकत होती.

तक्ता उतरवला. कोऱ्या कागदावर काकांचं तीन अधिक तीन तीनदा मांडून बघितलं. दुसरी पायरी आता कुणी विचारायलाच हवी असं झालंय.

आजवा_रोड
२० ऑगस्ट, दुपारी १.००

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझा मुलगा बारावी बी ग्रुपला आहे. डॉक्टरकी नाही जमली तर हाच विषय घ्यायचं म्हणतोय. कर्वेरोड यांनी विचारलं त्याचं उत्तर कुणी दिलंच नाही. नोकरीचं खरं काय ते सांगा. आम्ही मध्यमवर्गीय माणसं, तीन वर्षं घालवून मूल अडकून पडायला नको.

अपडाऊन
२० ऑगस्ट, संध्याकाळी ७.४५

खरं सांगतो काकू. नुसत्या बीएस्सीवर औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये सुरुवात होते. बडोद्याच्या आसपास, हालोल, अंकलेश्वर या पट्ट्यात कारखाने खूप आहेत. काम मिळतं, सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि शिफ्ट असतात. पेशंटच्या लॅबमध्ये जायचं तर वर डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करावं लागतं. पुढे संशोधनात किंवा शिकवण्यात यायचं तर एमएस्सी लागतेच, तिथे थांबता येत नाही. एमएस्सीसाठी आयआयटीतर्फे होणारी जॅम ही प्रवेशपरीक्षा असते, त्यात बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आपल्या मुलांना चालतो, शेवटच्या वर्षात असतानाच देता येतो. मी तसाच पुढे आलो.

म्हणजे वाट लांब आहे. मुलाला ती लांबी आधीच सांगा. माझ्या वर्गात जे अडकले त्यांना ती तिसऱ्या वर्षाच्या शेवटी कळली होती. फी मात्र सरकारी विद्यापीठाची आहे, खासगीच्या मानाने बरीच कमी, आणि मशीनं, लायब्ररी, शिकवणारी माणसं समोर आहेत. मोठ्या विद्यापीठात कुणी बोट धरून नेत नाही, एवढं मात्र खरं. दार ठोठवावं लागतं. मी दुसऱ्या वर्षी एका रिसर्च स्कॉलर दीदीला विचारलं, नुसता उभा राहून बघू का? सहा महिने तिची काचेची भांडी धुतली. पिपेट धरायला मी तिथे शिकलो.

वाडीकर
२१ ऑगस्ट, सकाळी ६.३०

आजवा रोड, कर्वेरोड, दोघांसाठी.

बडोद्यात हा विषय आजकालचा नाही. १९०७ साली गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी इथे टिंक्चर आणि अल्कोहोल बनवायला ॲलेंबिक काढली. विद्यापीठ १९४९ चं. बायोकेमिस्ट्रीचा विभाग उभा करायला १९५५ साली सी. व्ही. रामकृष्णन इथे आले, तेव्हा त्यांचा मुलगा तीन वर्षांचा होता. तो मुलगा, वेंकी रामकृष्णन, याच विद्यापीठातून १९७१ साली बीएस्सी झाला. विषय कोणता घेतला होता? फिजिक्स. अमेरिकेत जाऊन पीएचडीही फिजिक्समध्येच केली. मग मन जीवशास्त्राकडे वळलं तेव्हा पीएचडी हातात असताना पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसला. पुढे रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, रचना उलगडली आणि २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांच्यासोबत मिळालं.

प्रत्येक मूल तिथवर जाईल म्हणून हे सांगत नाहीये. अठराव्या वर्षी घेतलेला विषय म्हणजे लोखंडी दार नव्हे, एवढ्यासाठी सांगतोय. पण ज्या विषयात आहे तो मात्र नीट शिकून झालेला हवा. त्यांना फिजिक्स येत होतं म्हणून ते रायबोसोमपर्यंत पोचले.

फार्मसी चांगलीच आहे. पण या पोरीला बायोकेमिस्ट्री आवडते असं तिने दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. माझ्या मते तिथेच तो प्रश्न मिटला.

राजमहाल_रोड
२१ ऑगस्ट, रात्री १०.२०

केशरी_वही, घरी जागा नसेल तर हंसा मेहता लायब्ररीत जाऊन बसत जा. मी तिथेच वाचून पास झाले. हंसाबेन या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात 'सर्व पुरुष' असं होतं, तिथे 'सर्व माणसं' असा शब्द त्यांच्या आग्रहामुळे आला. त्या दारातून आत जाताना मला दरवेळी ताठ चालावंसं वाटायचं.

केशरी_वही
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ४.००

धागा वर काढतेय, कारण सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

नवरात्रात अभ्यास कमी झाला, बडोद्यात तो कुणाचाच होत नाही. दसऱ्याला आमच्याकडे श्रीखंड घरीच करतात. आजीने आदल्या रात्री दही पंचात बांधून मोरीवरच्या खुंटीला टांगलं होतं. खाली पातेलं, टप टप. मी रात्री पाणी प्यायला उठले आणि तिथेच उभी राहिले.

त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला आम्ही दुधातून केसीन वेगळं केलं होतं. दुधात थेंब थेंब ॲसिटिक ॲसिड घालत गेलो, पीएच ४.६ च्या आसपास आल्यावर एकदम गुठळ्या. तिथे केसीनवरचे धन आणि ऋण भार सारखे होतात, रेणू एकमेकांना दूर लोटायचं थांबवतात आणि एकत्र येऊन बसतात. लॅबमध्ये मी ते लिहून घेतलं होतं. मोरीपाशी मला दिसलं की आजी दर दसऱ्याला हेच करते. ॲसिड बाहेरून घालायच्या ऐवजी विरजणातले जिवाणू लॅक्टोजपासून लॅक्टिक ॲसिड बनवतात, तेच पायरुव्हेटवरून. पंचात राहिलेला चक्का म्हणजे केसीन.

मग पातेल्यात काय उरलं? काकांच्या सवयीप्रमाणे आधी अंदाज लिहिला : साखर सगळी संपली नसणार, म्हणून बेनेडिक्ट येईल. प्रथिनंही थोडी असतील, कारण सगळीच ४.६ ला बसत नाहीत. मॅडमना विचारून ते हिरवट पाणी छोट्या बाटलीत घालून नेलं. बेनेडिक्टला विटकरी साका आला. प्रथिनांच्या बाययुरेट चाचणीला फिकट का होईना, जांभळी छटा आली. पीएचची पट्टी ४ आणि ५ च्या मधला रंग दाखवत होती.

आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणूनच दही फार आंबट झालं तरी आणि गोडं राहिलं तरी चक्का नीट बसत नाही." मला पुढचा प्रश्नच मिळाला. पीएच ४.६ च्या खाली गेला तर भार पुन्हा येणार, आता धन बाजूने. मग गुठळी सैल होणार का? यावर मी अजून विचार करतेय.

अपडाऊन
त्याच दिवशी, संध्याकाळी ६.३०

ताई, हे डाव्या पानावर लिहून ठेव. तोंडी परीक्षेत आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (धन-ऋण भार सारखे होतात तो पीएच) विचारला तर आजीच्या पंचापासून सुरुवात कर.

आजवा_रोड
त्याच दिवशी, रात्री ९.१५

मुलाला हा धागा वाचायला दिला. तो आमच्या फ्रिजमधल्या दह्याला पट्टी लावायला निघाला होता. पट्ट्या कुठे मिळतात?

राजमहाल_रोड
त्याच दिवशी, रात्री ९.४०

रावपुऱ्यात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. ३ ते ६ च्या टप्प्याच्या घ्या, १ ते १४ वाल्यांत एवढा बारीक फरक दिसत नाही.

केशरी_वही
१९ एप्रिल, रात्री १०.५५

काका, तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. उन्हाळ्यात आठवण झाली.

सध्या एन्झाइम कायनेटिक्स, म्हणजे एन्झाइमचा वेग मोजणं, चालू आहे. आम्हाला चौघींच्या गटात ट्रिस बफर करायचा होता, पीएच ८.०. तो दिवस भयंकर होता, दुपारी लॅबमधल्या थर्मामीटरवर ३९ अंश. गणित मी केलं, अंदाज आधी लिहून. ट्रिसचा रेणूभार १२१, ०.०५ मोलर, ५०० मिली, म्हणजे ३ ग्रॅमच्या थोडं वर. वजन बरोबर. हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब घालत मीटरवर ८.०० आणला, खुणेपर्यंत भरला, पुन्हा तपासला, बाटलीवर तारीख आणि नाव घालून फ्रिजमध्ये ठेवला. एन्झाइम बर्फात काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली काढून सहज पीएच बघितला तर ८.९ च्या वर. आमच्यात वाद सुरू झाला. एक म्हणाली मीटर बिघडलाय, एक म्हणाली कुणीतरी बाटलीत काही घातलंय, एक माझ्याकडे बघायला लागली. मलाही आधी वाटलं की वजन चुकलं. मग वहीच्या कोपऱ्यातली पेन्सिल बघितली. वजन चुकलं असतं तर बफर कमी ताकदीचा झाला असता, पण पीएच तर मी मीटरवर बघून लावला होता. तो आपोआप का चढेल?

तुमचं वाक्य आठवलं. फोनवर हा धागा उघडला आणि चौघींना वाचून दाखवला. मग पुस्तकात बघितलं : ट्रिसचा पीकेए (ज्यावर बफरचा पीएच अवलंबून असतो तो आकडा) दर अंशाला सुमारे ०.०२८ ने बदलतो, थंडीत चढतो. ३९ वरून ४ अंश, म्हणजे ३५ अंशांचा फरक. ३५ गुणिले ०.०२८, जवळजवळ १. आमचा आकडा तंतोतंत त्या हिशोबात बसला. मीटर बरोबर होता, बाटली बरोबर होती, वजन बरोबर होतं.

एक शंका मात्र राहिलीय. मीटरला तापमानाची सुई जोडलेली आहे. मैत्रीण म्हणते, मीटर तापमान स्वतःच सांभाळून घेतो, मग फरक दिसायलाच नको होता. यावर मला तिला नीट सांगता आलं नाही.

वाडीकर
२० एप्रिल, सकाळी ६.१०

शाब्बास बेटा.

मैत्रिणीला सांग : ती सुई मीटरला त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रोडचा हिशोब सुधारायला मदत करते. तापमान बदललं की इलेक्ट्रोडचा प्रतिसाद बदलतो, तेवढंच ती सांभाळते. बाटलीतल्या ट्रिसचा पीएच खरोखर बदललेला असतो, तो मीटर लपवणार नाही आणि लपवूही नये. फॉस्फेट बफर केला असता तर हाच फरक साधारण दहावा हिस्सा आला असता, म्हणून तुम्हाला आजवर कधी दिसला नाही.

ती बाटली ओतू नका. बर्फात ठेवा, ४ अंशाला येऊ द्या, इलेक्ट्रोडही थंड होऊ द्या, कारण थंडीत आकडा स्थिरावायला वेळ लागतो. मग थेंब थेंब ॲसिड घालून पुन्हा ८.० वर आणा. आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत पीएचच्या पुढे तापमानही लिहा.

केशरी_वही
२० एप्रिल, संध्याकाळी ५.३०

आणला. १७ थेंब लागले. चिठ्ठी बदलली : ट्रिस, ०.०५ मोलर, पीएच ८.०, ४ अंशाला. खाली चौघींची नावं.